लॉसन अभिकर्मकाने अमाइडपासून थायोअमाइड: नियोजन, प्रत्यक्ष कृती आणि शुद्धीकरण

फॉस्फरस आणि गंधक यांच्यातील बंध असलेल्या सेंद्रिय संयुगांपैकी प्रयोगशाळेत सर्वाधिक हाताळले जाणारे संयुग बहुधा लॉसन अभिकर्मक हेच असेल. कार्बोनिल गटातील (कार्बन-ऑक्सिजन द्विबंधातील) ऑक्सिजन काढून त्याच्या जागी गंधक बसवणे, म्हणजेच थायोनेशन, हे त्याचे मुख्य काम. अमाइडवर, म्हणजे कार्बोनिल गटाला नायट्रोजन जोडलेल्या संयुगावर, हे केले की थायोअमाइड मिळतो. या अभिक्रियेबद्दल पाठ्यपुस्तकांत एक बाण आणि त्यावर दोन शब्द एवढेच असते, त्यामुळे ती सोपी वाटते, आणि फ्लास्कमध्ये ती खरोखरच सोपी असते. अडचण नंतर येते. फॉस्फरसयुक्त उपपदार्थ उत्पादाला चिकटून राहतो, शुद्धीकरणाच्या कॉलममधून (सिलिका भरलेल्या उभ्या नळीतून) पसरत खाली येतो, आणि दुर्गंध फ्युम हूडच्या बाहेर पोचतो. म्हणून या लेखात अभिक्रियेपेक्षा तिच्या आधीच्या तयारीला आणि नंतरच्या शुद्धीकरणाला अधिक जागा दिली आहे. शुद्धीकरण कसे करायचे हे ठरवल्याशिवाय अभिकर्मकाची बाटली उघडू नये, असे माझे ठाम मत आहे.

हा लेख पदव्युत्तर पातळीवरचे सेंद्रिय प्रयोग स्वतः केलेल्या आणि पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली चालू स्थितीतील फ्युम हूडमध्ये काम करू शकणाऱ्या वाचकासाठी आहे.

अभिकर्मकाची ओळख

लॉसन अभिकर्मकाच्या रेणूच्या मध्यभागी दोन फॉस्फरस आणि दोन गंधक अणूंचे चौकोनी वलय असते. प्रत्येक फॉस्फरसला आणखी एक गंधक द्विबंधाने आणि एक चार-मिथॉक्सिफिनाइल गट एकबंधाने जोडलेला असतो. रेणुभार ४०४.४७, रंग फिकट पिवळा, आणि विलयबिंदू सुमारे २२८ ते २३० अंश सेल्सिअस. अॅनिसोल आणि फॉस्फरस पेंटासल्फाइड यांच्यापासून मिळणारे हे संयुग लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये नोंदवले. मात्र थायोनेशनसाठी त्याचा पद्धतशीर उपयोग डेन्मार्कमधील आर्हुस विद्यापीठातील स्वेन-ओलोव्ह लॉसन यांच्या गटाने १९७८ पासून दाखवून दिला, आणि नाव त्यांचे रूढ झाले. आज ते रसायन-पुरवठादारांकडे सहज मिळते. ते स्वतःच्या प्रयोगशाळेत तयार करण्यात वेळ, वास आणि कचरा यांखेरीज फारसे काही पदरी पडत नाही, त्यामुळे विकत घेणेच श्रेयस्कर.

उष्णता मिळाली की हे चौकोनी वलय उघडते आणि द्रावणात त्याचे दोन क्रियाशील अर्धे भाग तयार होतात. प्रत्येक अर्ध्या भागात एक फॉस्फरस आणि दोन गंधक असतात. यातील फॉस्फरस कार्बोनिलच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो, आणि कार्बन, ऑक्सिजन, फॉस्फरस व गंधक यांचे तात्पुरते चार सदस्यी वलय बनते. हे वलय दुसऱ्या दिशेने फुटले की कार्बनकडे गंधक जातो आणि फॉस्फरसकडे ऑक्सिजन राहतो. विटिग अभिक्रियेचा (फॉस्फरस संयुगाने कार्बोनिलपासून कार्बन-कार्बन द्विबंध बनवण्याच्या पद्धतीचा) अभ्यास केलेल्यांना ही मांडणी लगेच ओळखीची वाटेल. दोन्हीकडे अभिक्रियेला पुढे नेणारे बळ एकच आहे: फॉस्फरस-ऑक्सिजन द्विबंधाची ताकद. सर्वसाधारण कोष्टकांत हा बंध मोलमागे सुमारे ५४० किलोज्यूल, तर फॉस्फरस-गंधक द्विबंध सुमारे ३३५ किलोज्यूल दिलेला असतो. म्हणजे फॉस्फरस-गंधक बंध तुलनेने कमकुवत आहे, आणि त्यामुळेच हा अभिकर्मक उपयोगी पडतो.

यातून मात्रेचे गणितही स्पष्ट होते. अभिकर्मकाच्या एका रेणूत चार गंधक अणू असले तरी प्रत्येक अर्धा भाग साधारणतः एकच गंधक देतो. म्हणून एका कार्बोनिल गटासाठी सिद्धांतानुसार अभिकर्मकाचा ०.५ मोल पुरतो. दुसऱ्या शब्दांत, एका मोल अमाइडमध्ये ३२ ग्रॅम गंधक बसवण्यासाठी २०२ ग्रॅम अभिकर्मक खर्ची पडतो, आणि त्यातील उरलेले बहुतेक वजन उपपदार्थ म्हणून फ्लास्कमध्येच राहते. शुद्धीकरणाचा सगळा प्रश्न या एका आकड्यात आहे.

कोणता पदार्थ चालेल, कोणता नाही

क्रियाशीलतेचा क्रम सर्वसाधारणपणे असा असतो: अमाइड आणि लॅक्टम (वलयातील अमाइड) सर्वांत जलद, त्यानंतर किटोन, आणि सर्वांत मंद एस्टर. अमाइडचा ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांनी समृद्ध असतो, म्हणून तो फॉस्फरसशी आधी जोडला जातो. या फरकाचा फायदा असा की एकाच रेणूत अमाइड आणि एस्टर असतील तर टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये सामान्य तापमानाला किंवा थोड्या उष्णतेवर फक्त अमाइडचे थायोअमाइड करता येते. एस्टरचे थायोनेशन करायचे असेल तर बहुतेक वेळा टोल्युइन किंवा झायलीन उकळत ठेवावे लागते.

किटोनबाबत सावध राहावे. शेजारच्या कार्बनवर हायड्रोजन असलेले थायोकिटोन टिकाऊ नसतात. त्यांचे एनथायोल बनते किंवा ते एकमेकांशी जोडले जातात. डायअॅरिल थायोकिटोन, म्हणजे दोन्ही बाजूंना बेंझिनसारखी वलये असलेले, टिकतात, आणि थायोबेन्झोफिनोनचा गडद निळा रंग एकदा पाहिला की विसरत नाही. एक आणि चार क्रमांकांच्या कार्बनवर दोन कार्बोनिल असतील तर अभिक्रिया थायोनेशनपाशी न थांबता थायोफिनच्या वलयापर्यंत जाते. ते हवे असेल तर उत्तम, नको असेल तर पदार्थ बदलावा.

मुक्त कार्बोक्झिलिक आम्ल, मुक्त अल्कोहोल आणि मुक्त अमाइन हे तिन्ही गट अभिकर्मक खातात किंवा क्षार करून त्याला निरुपयोगी करतात. ते आधी संरक्षित करावेत. प्राथमिक अमाइड, म्हणजे ज्यांच्या नायट्रोजनवर दोन हायड्रोजन असतात ते, जास्त तापमानाला पाणी गमावून नायट्राइल होण्याकडे झुकतात. त्यांच्यासाठी टेट्राहायड्रोफ्युरान आणि सामान्य तापमान हीच सुरुवात असावी. शिवाय पुढच्या टप्प्यात पॅलेडियमसारख्या धातूचे उत्प्रेरण असेल, तर गंधक बसवण्याआधीच तो टप्पा उरकता येतो का ते पाहावे, कारण थायोअमाइड धातूला घट्ट धरून ठेवतो.

हायड्रोजन सल्फाइड

पाण्याचा किंवा आम्लाचा संपर्क आला की लॉसन अभिकर्मकाचे विघटन होते आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. बाटली उघडताच येणारा कुजलेल्या अंड्यासारखा वास हा हवेतील ओलाव्यामुळे झालेल्या थोड्याशा विघटनाचा असतो. हा वास अत्यल्प प्रमाणातही जाणवतो, आणि हीच त्याची फसवी बाजू आहे. दशलक्ष भागांत सुमारे १०० भाग एवढे प्रमाण झाले की घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास येणे थांबते. हेच प्रमाण जीविताला तत्काळ धोकादायक मानले जाते. म्हणून वास गेला याचा अर्थ धोका गेला असा कधीही घेऊ नये.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक हिशोब करून पाहावा. पुढे दिलेल्या कृतीत १.११ ग्रॅम, म्हणजे २.७५ मिलिमोल अभिकर्मक लागतो. त्याचे सर्वच्या सर्व गंधक वायू होऊन बाहेर पडले, तर ११ मिलिमोल, म्हणजे खोलीच्या तापमानाला सुमारे २६५ मिलिलिटर हायड्रोजन सल्फाइड तयार होईल. हवा न खेळणाऱ्या एका घनमीटर जागेत हे प्रमाण दशलक्षात २६५ भाग होते. प्रत्यक्षात एवढा वायू एकदम सुटत नाही, परंतु बंद पडलेला फ्युम हूड आणि चुकून ओतलेले आम्ल एकत्र आले तर एक ग्रॅमचा प्रयोगही किती गंभीर होऊ शकतो, हे या आकड्यावरून समजते.

त्यामुळे काही नियम पाळावेतच. काम एकट्याने करू नये. फ्युम हूडचा प्रवाह सुरुवातीला तपासावा. शक्य असेल तर हायड्रोजन सल्फाइडचा इशारा देणारे यंत्र अंगावर लावावे. अभिक्रियेत, पाण्याच्या थरात किंवा कचऱ्यात कोठेही आम्ल घालू नये. कोणी बेशुद्ध पडल्याचे दिसले तर श्वसनसंरक्षक साधनांशिवाय मदतीला आत धावू नये, कारण या वायूने मदतीला गेलेल्यांचेही बळी घेतले आहेत. आधी इतरांना सावध करून तातडीच्या सेवेला बोलवावे.

वायू अडवण्यासाठी कंडेन्सरच्या वरच्या टोकापासून नळी काढून ती आधी एका रिकाम्या बाटलीत, नंतर १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, आणि शेवटी सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात न्यावी. रिकामी बाटली अनावश्यक वाटते, पण तापमान उतरले की द्रावण उलटे ओढले जाते, आणि ती नसेल तर अल्कलीचे द्रावण थेट गरम टोल्युइनमध्ये येऊन पडते. नायट्रोजनचा प्रवाह अगदी मंद ठेवावा. बुडबुडे मोजता येतील एवढाच तो पुरेसा आहे.

प्रत्यक्ष कृती: बेंझअॅनिलाइडपासून थायोबेंझअॅनिलाइड

नवीन पदार्थावर प्रयोग करण्यापूर्वी ही पद्धत एखाद्या स्वस्त, स्फटिकी आणि रंग बदलणाऱ्या नमुन्यावर हाताखालून घालावी. बेंझअॅनिलाइड त्यासाठी फार चांगला आहे. तो पांढरा असून त्याचा विलयबिंदू १६३ अंशांच्या आसपास आहे, तर थायोबेंझअॅनिलाइड पिवळा असून १०० अंशांच्या आसपास वितळतो. अभिक्रिया झाली की नाही हे डोळ्यांना आणि विलयबिंदूला दोन्हीकडून कळते.

सर्व काचसामान ओव्हनमध्ये कोरडे करावे. टोल्युइन आण्विक चाळणीवर ठेवून कोरडे केलेले असावे. टेट्राहायड्रोफ्युरान वापरणार असाल तर त्यात स्थिरक म्हणून ब्युटिलेटेड हायड्रॉक्सिटोल्युइन घातलेले आहे का ते पाहून ठेवावे, नाहीतर पुढे एनएमआर (केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन) वर्णपटात अनोळखी संकेत दिसतात आणि त्यांचा उगम शोधण्यात दिवस जातो. अमाइड स्वतः कोरडा असणेही तितकेच महत्त्वाचे आहे. पाण्यातून स्फटिकीकरण केलेला नमुना निर्वातात सुकवल्याशिवाय घेऊ नये.

१०० मिलिलिटरच्या गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये चुंबकीय ढवळणी टाकून ९८६ मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिमोल बेंझअॅनिलाइड घ्यावे. कंडेन्सर, नायट्रोजनची नळी आणि वर वर्णन केलेली वायू अडवण्याची मालिका जोडावी. २५ मिलिलिटर कोरडे टोल्युइन घालून ढवळणे सुरू करावे. लॉसन अभिकर्मक फ्युम हूडच्या आतच, झाकण असलेल्या आणि आधी वजन केलेल्या कुपीत मोजावा. उघड्या कागदावर तो कधीही मोजू नये. १.११ ग्रॅम, म्हणजे २.७५ मिलिमोल किंवा ०.५५ सममूल्य (अमाइडच्या एका मोलमागे ०.५५ मोल) अभिकर्मक एकाच वेळी घालावा आणि कुपी लगेच हायपोक्लोराइटच्या भांड्यात टाकावी. सिद्धांतापेक्षा दहा टक्के जास्त घेण्याचे कारण असे की थोडा अभिकर्मक ओलाव्यात वाया जातोच. मात्र ही वाढ एक सममूल्यापर्यंत नेण्याची जी सवय अनेक ठिकाणी दिसते, ती टाळावी. अभिक्रिया त्याने क्वचितच सुधारते, पण फॉस्फरसचा कचरा निश्चितपणे दुप्पट होतो.

सुरुवातीला अभिकर्मक विरघळत नाही आणि फ्लास्कमध्ये पिवळसर गढूळपणा राहतो. यात काही चुकलेले नसते. तेलकुंडीचे तापमान ८० अंशांवर आणले की काही वेळाने मिश्रण स्वच्छ होत जाते आणि पिवळा रंग गडद होतो. मिश्रण तापूनही बराच पदार्थ न विरघळता तळाशी राहिला, तर अभिकर्मक जुना किंवा ओल खाल्लेला असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी तापमान वाढवत बसण्यापेक्षा नवीन बाटली वापरावी. ११० अंशांच्या वर अभिकर्मक स्वतःच हळूहळू विघटित होऊ लागतो, म्हणून जास्त उष्णता हा प्रत्येक अडचणीवरचा उपाय नव्हे.

प्रगती टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर) दर अर्ध्या तासाने पाहावी. हेक्झेन आणि इथाइल अॅसिटेट यांचे ४:१ मिश्रण या उदाहरणासाठी योग्य आहे. थायोअमाइड मूळ अमाइडपेक्षा पट्टीवर वर चढतो, कारण गंधक हायड्रोजन बंधात ऑक्सिजनपेक्षा दुबळा भागीदार आहे आणि सिलिका त्याला कमी धरून ठेवते. अभिकर्मक आणि उपपदार्थ यांचे ठिपके पसरट दिसतात, त्यामुळे शुद्ध अभिकर्मकाचा ठिपका शेजारी लावलेला असावा. साधारणपणे एक ते दोन तासांत मूळ ठिपका नाहीसा होतो. दोन तासांनंतरही तो ठळक असेल, तर ०.१ सममूल्य अभिकर्मक आणखी घालून एक तास वाट पाहावी. त्यानंतरही फरक पडला नाही तर दोष मात्रेत नसून ओलाव्यात किंवा पदार्थात आहे असे समजावे.

शुद्धीकरण

अभिक्रिया संपल्यावर फ्लास्कमध्ये उत्पाद, थोडा उरलेला अभिकर्मक आणि मुख्य उपपदार्थ असतो. या उपपदार्थात मिथॉक्सिफिनाइल, फॉस्फरस, गंधक आणि आता ऑक्सिजनही असलेले तीन घटक वलयाकार जोडलेले असतात. तो तटस्थ असतो, सेंद्रिय द्रावकांत विरघळतो, आणि साध्या पाण्याने धुतला जात नाही. म्हणून त्याला आधी पाण्यात जाणाऱ्या स्वरूपात बदलणे किंवा कॉलमवर अडवणे, असे दोनच मार्ग उरतात. दोन्ही एकामागोमाग वापरणे सर्वांत विश्वासार्ह ठरते.

मिश्रण सामान्य तापमानाला आणावे. वायू अडवणारी मालिका तशीच जोडलेली ठेवून २५ मिलिलिटर संपृक्त सोडियम बायकार्बोनेटचे द्रावण हळूहळू घालावे आणि निदान एक तास जोराने ढवळावे. घाई नसेल तर रात्रभर ढवळणे अधिक चांगले. उरलेला अभिकर्मक या काळात विघटित होतो, आणि उपपदार्थाचाही काही भाग फॉस्फरसयुक्त आम्लाच्या क्षारात रूपांतरित होऊन पाण्याच्या थरात जातो. येथे बायकार्बोनेटऐवजी तीव्र सोडियम हायड्रॉक्साइड वापरण्याचा मोह होतो. तृतीयक थायोअमाइडसाठी, म्हणजे ज्यांच्या नायट्रोजनवर हायड्रोजन नसतो त्यांच्यासाठी, ते चालते, पण थायोबेंझअॅनिलाइडसारख्या पदार्थात ते घातक आहे. थायोअमाइडच्या नायट्रोजनवरील हायड्रोजन अमाइडच्या तुलनेत खूपच अधिक आम्लधर्मी असतो. डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये मोजलेला अॅसिटामाइडचा आम्लांक (pKa; जितका कमी तितकी आम्लता जास्त) सुमारे २५.५, तर थायोअॅसिटामाइडचा सुमारे १८.५ आहे, म्हणजे सात घातांकांचा फरक. अॅरिल गट जोडलेले थायोअॅनिलाइड तर पाण्यातील अल्कलीतही विरघळतात. अल्कलीने धुतल्यावर उत्पाद गायब झाला, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते, आणि तो बहुतेक वेळा पाण्याच्या थरात सापडतो. म्हणून पाण्याचा थर अंतिम निकाल हाती येईपर्यंत टाकू नये.

थर वेगळे करून पाण्याचा थर इथाइल अॅसिटेटने दोनदा धुवावा. एकत्र केलेला सेंद्रिय थर मिठाच्या संपृक्त द्रावणाने धुऊन निर्जल सोडियम सल्फेटवर वाळवावा. या टप्प्यावर दुर्गंध घालवण्यासाठी हायपोक्लोराइटने धुण्याची कल्पना सुचते, पण ती कटाक्षाने टाळावी. हायपोक्लोराइट थायोअमाइडलाही ऑक्सिडीकृत करते आणि मूळ अमाइड परत मिळतो. रोटरी इव्हॅपोरेटर शक्यतो हूडमधील वापरावा आणि त्याच्या पंपापूर्वी थंड ट्रॅप ठेवावा, नाहीतर संपूर्ण मजल्याला या प्रयोगाची बातमी कळते.

कॉलमसाठी कच्चा पदार्थ कमीत कमी डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून थोड्या सिलिकावर शोषून घ्यावा आणि ती कोरडी भुकटी कॉलमच्या माथ्यावर पसरावी. द्रवरूपात घातल्यास उपपदार्थ रुंद पट्ट्याने उतरतो. हेक्झेनमध्ये ५ टक्के इथाइल अॅसिटेटपासून सुरुवात करून १५ ते २० टक्क्यांपर्यंत हळूहळू वाढवावे. उत्पाद पिवळा असल्यामुळे त्याचा पट्टा डोळ्यांना दिसतो, पण केवळ रंगावर विसंबून कॉलममधून क्रमाने गोळा केलेले भाग (फ्रॅक्शन) एकत्र करू नयेत, कारण अभिकर्मकाचे अवशेषही पिवळे असतात. प्रत्येक भाग टीएलसीवर पाहावा. कॉलमवर पदार्थ रात्रभर ठेवू नये. सिलिकाची आम्लता थायोअमाइडला हळूहळू मूळ अमाइडकडे नेऊ शकते. फारच संवेदनशील पदार्थासाठी अल्कलीधर्मी अॅल्युमिनाचा आखूड थर वापरावा. ध्रुवीय फॉस्फरस संयुगे तेथे घट्ट अडकतात, आणि बऱ्याचदा एवढ्यानेच काम भागते.

शेवटी इथेनॉल किंवा इथेनॉल आणि पाणी यांच्या मिश्रणातून स्फटिकीकरण करावे. सैद्धांतिक उत्पादन १.०७ ग्रॅम आहे. कच्च्या पदार्थाचे वजन याहून जास्त भरले तर आनंद मानण्याचे कारण नाही, कारण ते वजन फॉस्फरसचे असते.

ओळख पटवणे

पुरावे एकापेक्षा अधिक असावेत. कार्बन-१३ एनएमआर सर्वांत बोलका आहे. बेंझअॅनिलाइडचा कार्बोनिल कार्बन १६६ पीपीएमच्या आसपास, तर थायोबेंझअॅनिलाइडचा थायोकार्बोनिल कार्बन १९८ च्या आसपास दिसतो. तीस-पस्तीस एककांची ही झेप बहुतेक सर्व थायोअमाइडमध्ये दिसते. हा संकेत क्षीण असतो, म्हणून स्कॅन भरपूर घ्यावेत. अवरक्त वर्णपटात अमाइडचा प्रति सेंटीमीटर १६५० च्या परिसरातील ठळक पट्टा नाहीसा झालेला असावा. नवीन पट्ट्याचा शोध घेत बसू नये, कारण कार्बन-गंधक द्विबंधाचे कंपन इतर कंपनांत मिसळते आणि त्यावरून खात्रीचा निष्कर्ष निघत नाही.

वस्तुमान वर्णपटात एक सापळा आहे. ऑक्सिजनच्या जागी गंधक आले की वस्तुमान १६ ने वाढते, आणि रेणूत एक ऑक्सिजन शिरला तरीही ते १६ नेच वाढते. कमी विभेदनाच्या यंत्रावर दोन्ही सारखेच दिसतात. उच्च विभेदनात थायोबेंझअॅनिलाइडचे प्रोटॉनयुक्त आयन २१४.०६८५ ला, तर ऑक्सिडीकृत बेंझअॅनिलाइडचे आयन २१४.०८६३ ला दिसेल, आणि हा फरक सहज मोजता येतो. असे यंत्र उपलब्ध नसेल तर दोन एककांनी पुढे असलेले शिखर पाहावे. गंधक-३४ मुळे ते मुख्य शिखराच्या सुमारे पाच टक्के उंचीचे असते. गंधक नसेल तर ते जेमतेम एक टक्का भरते.

फॉस्फरस राहिला आहे का हे तपासण्यासाठी फॉस्फरस-३१ एनएमआर घ्यावा, आणि तो रिकामा असावा. ती सोय नसेल तर हायड्रोजन एनएमआरमध्ये ३.८ ते ३.९ पीपीएम दरम्यानचा तीक्ष्ण मिथॉक्सी संकेत शोधावा. थायोबेंझअॅनिलाइडमध्ये मिथॉक्सी गटच नाही, त्यामुळे तेथे दिसणारा कोणताही संकेत अभिकर्मकाच्या अवशेषांचा असण्याचीच शक्यता आहे. तुमच्या स्वतःच्या पदार्थात मिथॉक्सी गट असेल, तर अॅरोमॅटिक भागात फॉस्फरसशी जोडणीमुळे अधिक फाटलेले संकेत पाहावे लागतात. नमुना पदार्थ निवडताना मिथॉक्सी गट टाळावा तो याचसाठी.

भांडी, कचरा आणि साठवण

वापरलेले काचसामान आधी इथाइल अॅसिटेटने खळबळून ते द्रावण सेंद्रिय कचऱ्यात घालावे. त्यानंतर भांडी थोडे सोडियम हायड्रॉक्साइड घातलेल्या सोडियम हायपोक्लोराइटच्या विरळ द्रावणात फ्युम हूडमध्ये रात्रभर बुडवून ठेवावीत. गंधकाचे ऑक्सिडीकरण होऊन वास जातो. भांड्यांत अॅसिटोन शिल्लक असता कामा नये, कारण हायपोक्लोराइट आणि अॅसिटोन यांच्यापासून क्लोरोफॉर्म तयार होतो. आम्लाशी हायपोक्लोराइटचा संपर्क आला तर क्लोरीन सुटतो. अभिकर्मकाचा मोठा साठा किंवा संहत अवशेष मात्र हायपोक्लोराइटमध्ये ओतून नष्ट करण्याचा प्रयत्न करू नये. ती अभिक्रिया उष्णता सोडते आणि हाताबाहेर जाऊ शकते.

पाण्याचा थर अल्कलीधर्मीच ठेवून, त्यावर सल्फाइड असल्याची आणि आम्ल न मिसळण्याची ठळक सूचना लिहून वेगळ्या बाटलीत साठवावा. अल्कलीच्या ट्रॅपमध्ये अडवलेला वायू तेथे सोडियम सल्फाइडच्या स्वरूपात असतो, आणि ते द्रावण आम्लाच्या कचऱ्यात गेले तर अडवलेला सगळा वायू एका क्षणात परत बाहेर येतो. वापरलेली सिलिका आणि हातमोजे बंद पिशवीत, हूडमध्येच ठेवावेत.

थायोअमाइड कोरडा, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावा. काही महिन्यांनी वापरताना आधी टीएलसी करावी. खालच्या बाजूला मूळ अमाइडचा ठिपका दिसू लागला असेल तर पुन्हा स्फटिकीकरण करावे. तयार झालेल्या थायोबेंझअॅनिलाइडचा एक चांगला उपयोग म्हणजे अल्कलीच्या द्रावणात पोटॅशियम फेरीसायनाइडने त्याचे वलय मिटवून दोन-फिनाइलबेंझोथायाझोल मिळवणे. हा पुढचा प्रयोग उत्पाद खरोखर थायोअमाइडच होता याचा रासायनिक पुरावाही देतो.

प्रमाण वाढवायचे असेल तर

काही ग्रॅमपर्यंत लॉसन अभिकर्मक सोयीचा आहे. त्यापुढे प्रत्येक मोलमागे येणारे उपपदार्थाचे ओझे आणि कॉलमचा आकार दोन्ही परवडेनासे होतात. अशा वेळी फॉस्फरस पेंटासल्फाइड आणि हेक्झामिथाइलडायसिलॉक्झेन यांच्या जोडीचा विचार करावा. कर्फी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत बहुतेक उपपदार्थ पाण्याने विघटित होणारे असतात, त्यामुळे अनेकदा कॉलमशिवाय काम भागते. फॉस्फरस पेंटासल्फाइडचे पिरिडिनबरोबरचे स्फटिकी संकुलही उपयोगी आहे. ते एकट्या पेंटासल्फाइडपेक्षा स्वच्छ काम करते आणि अॅसिटोनायट्राइलमध्ये वापरता येते. या दोन्ही पद्धतींत सुटणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडची क्षमता एका ग्रॅमच्या प्रयोगापेक्षा कितीतरी अधिक असते, म्हणून अल्कलीच्या ट्रॅपची क्षमता आधी मोलमध्ये मोजावी, ती अपेक्षित कमाल वायूच्या किमान तिप्पट ठेवावी, आणि विघटनासाठी पाणी एकदम न ओतता थेंबाथेंबाने, थंड करत घालावे.